‘डील ऑर नो डील’ : बँकरचा फोन येण्याआधी

‘डील ऑर नो डील’ हा टीव्हीवरचा गेम शो. त्याच्या अमेरिकन आवृत्तीत 26 ब्रीफकेस असतात. प्रत्येकीत एक वेगळी रक्कम लपलेली, 1 सेंटपासून 10 लाख डॉलरपर्यंत. एक पेटी तुमची, बाकीच्या फेऱ्याफेऱ्यांनी उघडायच्या: आधी 6, मग 5, 4, 3, 2 आणि पुढे एकेक. प्रत्येक फेरीनंतर बँकर, म्हणजे शोतर्फे फोनवर बोलणारा माणूस, तुमची पेटी विकत घ्यायची ऑफर देतो: घेतली तर ‘डील’ आणि खेळ संपला, नाकारली तर ‘नो डील’ आणि पुढची फेरी.

नवखे लोक पेटीच्या नंबरावर डोकं खपवतात. कुठलाही घ्या, 10 लाख हाती असण्याची शक्यता 26 त 1. खरं काम बोर्डावर, म्हणजे अजून न उघडलेल्या रकमांच्या यादीवर आहे. उरलेल्या रकमांची बेरीज करा, पेट्यांच्या संख्येने भागा. सुरुवातीला ही सरासरी साधारण 1,31,477 डॉलर असते, पण निम्म्या पेट्यांत हजाराच्या आतलीच रक्कम असते! पहिल्या ऑफर सरासरीच्या बऱ्याच खाली येतात. त्या सरळ नाकारा.

घात होतो तो एकच मोठी रक्कम उरल्यावर. समजा, 100, 400, 1000, 50,000 आणि 3,00,000 राहिले. सरासरी 70,300. 400 ची पेटी उघडली तर ती 87,775 होते. 3 लाखांची उघडली तर धाडकन 12,875. पाचात चार वेळा सरासरी वाढते हे खरं, पण पाचवा फटका सावरायला दुसरी मोठी रक्कम बोर्डावर नाही. इथे 60-65 हजारांची ऑफर आली तर मी तरी घ्या म्हणेन. प्रेक्षक ‘नो डील’ ओरडणारच, त्यांचं काय जातंय?

शेवटी दोनच पेट्या उरल्यावर आपली पेटी दुसरीशी बदलायची मुभा मिळाली तरी फायदा नाही. पेट्या तुम्ही आंधळेपणाने उघडल्या आहेत, त्यामुळे शक्यता निम्मी-निम्मीच.