कर्ज फिटलं, अहवालात मात्र थकीतच

प्रश्न : ट्रॅक्टरचं कर्ज पूर्ण फेडलं, आरसीवरचा बोजाही उतरवला. आता द्राक्षबागेसाठी दुसऱ्या बँकेत गेलो, तर ‘सिबिल खराब’ म्हणून परत पाठवलं. एक एजंट पाच हजारांत ‘सिबिल क्लिअर’ करून देतो म्हणतो. द्यावेत का? – एक बागायतदार, तासगाव

उत्तर : एक रुपयाही देऊ नका. तुम्ही कर्जे कशी फेडली याचा अहवाल पतमाहिती कंपन्या ठेवतात; ‘सिबिल’ ही त्यातलीच एक. त्या अहवालातली नोंद कर्ज देणाऱ्या बँकेने खात्री दिल्यावरच बदलते, तसे 2005 च्या पतमाहिती कंपनी कायद्यातच आहे. एजंट जो अर्ज करणार तो तुम्ही फुकट करू शकता.

आधी अहवाल काढा. सिबिल, इक्विफॅक्स, एक्स्पेरियन आणि क्रिफ हाय मार्क या चारही कंपन्यांनी वर्षातून एकदा पूर्ण अहवाल गुणांकासह मोफत द्यायचा असतो. चूक एकीकडे असते, दुसरीकडे नसते. म्हणून बँकेने कोणाचा पाहिला ते विचारा. पाटील-जाधवांच्या आपल्या जिल्ह्यात नामसाधर्म्यामुळे दुसऱ्याचेच कर्ज आपल्या नावावर दिसू शकते, तेव्हा पॅन आणि जन्मतारीखही ताडून पाहा.

मग ट्रॅक्टरच्या खात्याची स्थिती बघा. आरसीवरचा बोजा, म्हणजे गाडीवरची बँकेच्या कर्जाची नोंद, उतरणे हे आरटीओचे काम. त्यातून पतमाहिती कंपनीला काहीच कळत नाही. कधी कधी शेवटच्या हप्त्यानंतर दंडव्याजाचे शे-दोनशे रुपये राहून जातात आणि खाते उघडेच राहते. तसे नसेल, तर बँकेने माहितीच पाठवलेली नसावी. मात्र ‘सेटल्ड’ लिहिले असेल आणि तुम्ही खरोखर तडजोडीत कमी रक्कम भरली असेल, तर ती नोंद चूक नाही. तिथे तक्रार चालणार नाही. सोडलेली रक्कम भरून खाते ‘क्लोज्ड’ करून घेता येईल का, ते बँकेला विचारा.

नोंद चुकीची असेल तर बेबाकी दाखला (काही देणे उरले नाही असे बँकेचे पत्र) आणि शून्य बाकीचा खातेउतारा जोडून शाखेत लेखी अर्ज द्या, तारखेसह पोच घ्या. सोबत पतमाहिती कंपनीच्या संकेतस्थळावरही तक्रार नोंदवा. तोंडी सांगून आलात तर मुदत सुरूच होत नाही, आणि सगळे त्या तारखेवर अवलंबून आहे. दुरुस्तीची माहिती पाठवायला बँकेला 21 दिवस, तक्रार निकाली निघायला एकूण 30 दिवस. त्यापुढे दर दिवसाला 100 रुपये भरपाई, दिरंगाई ज्याची त्याने द्यायची. 26 एप्रिल 2024 पासून हा नियम लागू आहे. फार थोडे लोक ती मागतात. तुम्ही अर्जातच मागा.

30 दिवसांत उत्तर आले नाही किंवा पटले नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाइन तक्रार करा. शुल्क नाही. माहितीसाठी 14448 वर फोन करा.

प्रश्न : मेहुण्याच्या कर्जाला जामीन आहे. ते माझ्या अहवालात येतं का? – एक वाचक, मिरज

उत्तर : येते, जामीनदार म्हणून. त्याचा हप्ता थकला तर तुमच्या नव्या कर्जाला अडचण येऊ शकते. सही करून विसरू नका, त्या खात्याचा उतारा दर तीन महिन्यांनी मागत राहा.