कृपा, आशीर्वाद आणि फादरना बोलावण्याची वेळ

कॅथलिक संस्कारांविषयी येणाऱ्या पत्रांतला गोंधळ एकच आहे. फादरनी क्रूसाची खूण केली की सगळे सारखेच, असे धरले जाते. संस्कार सातच: बाप्तिस्मा, दृढीकरण, ख्रिस्तप्रसाद म्हणजे कम्युनियन, कुमसार म्हणजे फादरपुढे पापांची कबुली, आजाऱ्यांचा तैलाभ्यंग, धर्मगुरुदीक्षा आणि विवाह. संस्कारात ख्रिस्त स्वतः कृपा देतो. आशीर्वादात चर्च देवाकडे मागणे मागते आणि त्या प्रार्थनेने माणूस कृपा घ्यायला तयार होतो.

नव्या घराला फादरनी आशीर्वाद दिला. हा संस्कार झाला का?

नाही.

आम्ही हिंदू. म्हापशाच्या मिलाग्रीस सायबिणीला, म्हणजे मरियामातेला, तेल वाहतो. फादरकडून आशीर्वाद आणि कम्युनियन घेतले तर चालेल?

आशीर्वाद जरूर घ्या. चर्चच्या कायद्यातले कलम ११७० अकॅथलिकांनाही तो देऊ देते. ओस्ती, म्हणजे कम्युनियनची पवित्र भाकर, मात्र घेऊ नका, तिच्याआधी बाप्तिस्मा लागतो. रांगेत जाऊन छातीवर हात दुमडून आशीर्वाद मागण्याची पद्धत सगळीकडे नसते. तिथल्या फादरना आधी विचारा.

आमच्या फादरचे वागणे पटत नाही. त्यांनी दिलेला बाप्तिस्मा खरा का?

खरा. संस्काराची कृपा फादरच्या पुण्याईवर अवलंबून नसते. शब्द मात्र बदलून चालत नाहीत: ‘मी’च्या जागी ‘आम्ही तुला बाप्तिस्मा देतो’ म्हटले तर तो बाप्तिस्माच नव्हे, असे रोमने २०२० मध्ये स्पष्ट केले.

बाळ अतिदक्षता विभागात आहे. मावशीने तीर्थस्थळाचे पाणी कपाळाला लावून प्रार्थना केली. शेजारी म्हणतात, झाला बाप्तिस्मा.

झाला नाही. शेजाऱ्यांवर विसंबू नका. जिवाला धोका असेल आणि फादर पोहोचत नसतील, तर चर्चला अभिप्रेत आहे ते करण्याच्या हेतूने कोणीही बाप्तिस्मा देऊ शकतो, नर्ससुद्धा. बाळाचे नाव घ्यायचे आणि ‘मी तुला पित्याच्या, पुत्राच्या आणि पवित्र आत्म्याच्या नावाने बाप्तिस्मा देते’ म्हणत डोक्यावर तीनदा पाणी ओतायचे. पाणी त्वचेवरून वाहायला हवे, ओले बोट टेकवून भागत नाही. किती पाणी आणि कोणते, हे डॉक्टरांना विचारा. नंतर पॅरिशमध्ये, म्हणजे आपल्या भागाच्या चर्चमध्ये, नोंद करा. बाकीचा विधी तिथे पुरा होतो, बाप्तिस्मा पुन्हा देत नाहीत. धोका नसेल तर थांबा आणि फादरशी बोला.

आजी ८२ वर्षांची. पुढच्या आठवड्यात हृदयाची शस्त्रक्रिया. फादर दिसले तर ती धसका घेईल. दुकानातून ‘आशीर्वादित’ तेल आणून रोज लावतो. तेवढे पुरे ना?

पुरे नाही. तुमची भीती खोटी आहे असे मी म्हणत नाही, पण तिच्यापायी आजीच्या हक्काचा संस्कार राहून जातो. तैलाभ्यंग मरणाऱ्यांसाठीच, हा समज दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने, म्हणजे जगभरच्या बिशपांच्या सभेने, १९६३ मध्येच दूर केला. आजाराने किंवा म्हातारपणाने जिवाला धोका सुरू झाला की तो घ्यायचा. गंभीर शस्त्रक्रियेआधी घेता येतो, प्रकृती पुन्हा ढासळली तर पुन्हाही घेता येतो.

उशिरा काय होते ते पाहा. शुद्ध गेली की कुमसार होत नाही. गिळता येईनासे झाले की कम्युनियन राहते. प्राण गेल्यावर तर अभ्यंग देतच नाहीत. मग फादर मृतासाठी प्रार्थना करतात आणि घरचे म्हणतात, तेल का नाही लावले!

दुकानातले तेल लावून प्रार्थना करायला हरकत नाही, पण तो संस्कार नव्हे. अभ्यंग फक्त धर्मगुरू देतात, कपाळाला आणि तळहातांना, आणि त्यांचे तेल एरवी बिशपनी आशीर्वादित केलेले असते. बाटलीवर ‘आशीर्वादित’ छापून जादा पैसे घेणाऱ्याला थारा देऊ नका. आशीर्वाद विकायची वस्तू नाही. साधी मेणबत्ती किंवा रोझरी (जपमाळ) घ्या आणि पॅरिशमध्ये नेऊन आशीर्वाद मागा.

आजच फोन करा. आजी शुद्धीवर आहे का, गिळता येते का, वॉर्ड कोणता, शस्त्रक्रिया कधी, हे सांगा. घरी असेल तर लहान टेबल, पांढरे कापड, क्रूस आणि मेणबत्ती मांडा. ऑक्सिजन चालू असेल तर मेणबत्ती पेटवायची नाही. आजीला काय होणार ते आधी सांगा, आणि कुमसाराच्या वेळी सगळ्यांनी खोलीबाहेर जा.

मुलगी कॅथलिक, होणारा जावई हिंदू. लग्नाऐवजी नुसता आशीर्वाद घेतला तर?

आशीर्वादाने लग्न लागत नाही. बिशपची सूट घेऊन चर्चमध्ये वैध विवाह होऊ शकतो. जावयाचा बाप्तिस्मा झालेला नसल्याने तो संस्कार मात्र ठरत नाही. तारीख आणि हॉल ठरवण्याआधी, काही महिने राखून पॅरिशच्या फादरना भेटा. नागरी नोंदणीचे सिव्हिल रजिस्ट्रारकडे वेगळे विचारा.