केबीसी घरी खेळताना

पहिल्यांदाच वही घेऊन बसतोयस ना, मग ‘मला येत होतं’ हे वाक्य आधी बंद कर. पर्याय दिसायच्या आत उत्तर लिहायचं, तेही पेनानं. पेन्सिलीनं खोडाखोड होते; आमच्या आत्यानं अख्खा सीझन तसाच मारला. चार पर्याय समोर आले की ओळखीचं नाव बघून सगळेच हुशार होतात. म्हणून आमच्याकडे पर्यायांआधीच्या उत्तराला दोन गुण, नंतरच्याला एक.

क्रम लावायच्या प्रश्नात पहिला आणि शेवटचा आधी पकड; मग मधल्या दोघांची अदलाबदल तेवढी उरते.

घरच्यांना विचारणं म्हणजे तुझा ऑडियन्स पोल. तो सिनेमा-क्रिकेटला वापर. संविधानाच्या कलमाला वापरलास तर सगळे आजोबांकडे बघतात, आणि आजोबा ठामपणे चुकतात.

चुकलेलं त्याच रात्री एका ओळीत उतरव. हर्षवर्धन नवाथे २००० साली करोडपती झाले तेव्हापासूनच्या वह्या आहेत माझ्याकडे. २०१९ च्या वहीत एक पान कोरं आहे. शाळेत खिचडी शिजवणाऱ्या अमरावती जिल्ह्यातल्या बबिता ताडे त्या दिवशी एक कोटी जिंकल्या. लिहायचं राहूनच गेलं.