शेपूचा वास कुठल्या ग्लासात?

प्रश्न: काका, नमस्कार. गेल्या महिन्यात आम्ही चार मित्रांनी एका संध्याकाळी तीन राय व्हिस्की चाखून पाहिल्या: रिटनहाउस, बुलेट राय आणि एक कॅनडाची. रिटनहाउस सगळ्यांना दमदार वाटली, कॅनडाची पाणचट. बुलेटवरून वाद झाला. तिसऱ्या ग्लासानंतर कशातलं काही कळेना. तिन्ही रायच, मग एवढा फरक का? आणि घरी तुलना करावी तरी कशी?
– एक वाचक, एडिसन, न्यू जर्सी

उत्तर: तुमचा निकाल मला मान्य नाही. बाटल्यांवरचे आकडे पुन्हा वाचा. रिटनहाउसमध्ये अल्कोहोल ५० टक्के, बुलेट रायमध्ये ४५ आणि कॅनडाच्या बाटलीत बहुतेक ४०. जी कडक ती दमदार वाटणारच. मीसुद्धा कितीतरी वर्षं कडकपणालाच चव समजत होतो. मग एका शनिवारी बायकोने माझ्या नकळत तिन्ही ग्लास सारख्या ताकदीचे करून समोर ठेवले, आणि माझी लाडकी बाटली मी तिसऱ्या नंबरवर टाकली. तेव्हापासून आमच्या घरी दुसरी पद्धत नाही.

मुलांना औषध पाजायची बिनसुईची सिरिंज घ्या. एकसारखे, तोंडाला निमुळते तीन ग्लास घ्या आणि प्रत्येकात फक्त १५ मिली ओता. रिटनहाउसमध्ये पावणेचार मिली पाणी, बुलेटमध्ये जेमतेम दोन, कॅनडाचीत काही नाही. तिन्ही ४० टक्क्यांच्या आसपास येतात. ग्लासांच्या बुडाला चिठ्ठ्या चिकटवा, जो चाखणार नाही त्याला त्यांची अदलाबदल करू द्या, वर बशा झाकून दहा मिनिटं थांबा. एवढ्याशा दारूत तिसऱ्या ग्लासालाही जीभ जागी राहते. तरी पाहुण्यांच्या गाडीच्या किल्ल्या आधी काढून घ्या, यात मी भिडस्तपणा करत नाही.

वेळ दुपारची ठेवा, घरात फोडणी पडायच्या आधीची. हिंग-कढीपत्त्याचा वास एकदा पडद्यांत बसला की राय हरलीच. चकणा नको, शेव तर नकोच. साधा पाव आणि पाणी पुरे. वास घेताना नाक ग्लासात खुपसू नका, तोंड किंचित उघडं ठेवा, म्हणजे अल्कोहोल नाकाला झोंबत नाही.

आता फरकाचं कारण. ही राय म्हणजे आपली मोहरी नव्हे, ते गव्हाच्या नात्यातलं धान्य आहे. अमेरिकन कायद्याने राय व्हिस्कीसाठी वापरलेल्या धान्यात ते निदान ५१ टक्के लागतं आणि पिंप ओकचं, नवं, आतून जाळलेलं असावं लागतं. व्हॅनिला आणि जळक्या साखरेचा वास त्या पिंपाचा, तो दोन्ही अमेरिकन बाटल्यांत सापडेल. रिटनहाउस त्या किमान मर्यादेच्या जवळ राहते, उरलेल्यात बराचसा मका, म्हणून तिला गोडवा. बुलेटमध्ये राय ९५ टक्के, बाकी जवाचं माल्ट, म्हणजे मोड आणून वाळवलेलं जव. तिची दारू वर्षानुवर्षं इंडियानातल्या लॉरेन्सबर्गहून येत आली आहे आणि या धाटणीच्या रायमध्ये एक हिरवा वास असतो. अमेरिकन लोक त्याला ‘डिल’ म्हणतात. आपण सरळ शेपू म्हणावं! शेपूची जुडी निवडताना बोटांना जो वास राहतो, तोच. तुमच्यातला वाद, माझ्या अंदाजाने, यावरूनच झाला असणार: ज्याला शेपूची भाजी आवडत नाही, त्याला बुलेट खटकली असेल. शहाजिऱ्याचा वास मात्र शोधू नका. तो राय ब्रेडमध्ये घातलेल्या शहाजिऱ्याचा असतो, धान्याचा नव्हे.

कॅनडात ‘राय’ हे व्हिस्कीचं जुनं सरसकट नाव आहे. धान्यात राय किती असावी याचं तिथे बंधन नाही, बऱ्याच बाटल्यांत मकाच जास्त असतो. त्यामुळे पाणचट म्हणून तिला या रांगेत नापास करणं अन्यायाचं आहे. तिला वेगळ्या दिवशी, एकटीला चाखा.

रिटनहाउसच्या लेबलवर ‘बॉटल्ड इन बाँड’ दिसेल. हा १८९७च्या कायद्याचा शिक्का: एकाच भट्टीची, एकाच हंगामातली, निदान चार वर्षं मुरलेली आणि बरोबर ५० टक्क्यांची दारू. नाव आमच्या फिलाडेल्फियातल्या चौकाचं, दारू मात्र आता केंटकीची. पेनसिल्व्हेनिया ही एकेकाळी रायची भूमी होती. १९२०च्या दारूबंदीने इथल्या बहुतेक भट्ट्या मोडल्या आणि त्या चौकातल्या बाकावर बसलो की मला अजून त्याचं वाईट वाटतं.

एक काम रात्री करू नका: ग्लास धुऊ नका. सकाळी चहाच्या आधी तिन्ही हुंगा. अल्कोहोल उडून गेलेलं असतं. रिटनहाउसच्या ग्लासात मला गूळ आणि ओलं लाकूड सापडतं. बुलेटच्या ग्लासातला शेपू गेलेला असतो आणि तळाशी तव्यावर किंचित करपलेल्या भाकरीचा वास उरलेला असतो.