पावतीपुस्तक घरी ठेवून जा

चिरंजीव,
रामकृष्ण हरी.

तुझी यादी मिळाली. एकशे बारा नावं, पुढं फोन नंबर, गेल्या वर्षीची रक्कम आणि शेवटच्या रकान्यात यंदाची ‘अपेक्षित’ रक्कम. वसतिगृहाचं छत गळतंय, संस्थेनं तुझ्या डोक्यावर आकडा ठेवलाय, आणि तू विचारतोस, देणाऱ्यांशी नातं कसं जोडायचं. गंगाखेडकडच्या आमच्या गावात सप्ताहाची तिजोरी बावीस वर्षं माझ्याकडं होती, म्हणून विचारत असशील. मग आधी मी घालवलेल्या माणसाचं ऐक.

२०१५ चं साल. पाऊस नाही, सोयाबीन वावरातच वाळलं. तरी कमिटीनं उंबऱ्यामागं ५०१ रुपये पट्टी ठरवली. एका दारात घरधनी म्हणाला, “गुरुजी, औंदा होत नाही.” मी चौघांदेखत बोललो, “देवाचं काम आहे. देव कुणाचं ठेवत नसतो.” तो आत गेला, नोटा आणून माझ्या हातावर ठेवल्या, पावतीला थांबलासुद्धा नाही. पुढं कळलं, मुकादमाकडून घेतलेल्या उचलीतले पैसे होते ते. म्हणजे नवरा-बायकोनं कारखान्यावर ऊस तोडून फेडायचे. गावातला उत्तम टाळकरी होता तो. त्यानंतर कीर्तनाला यायचा थांबला, आणि मी दिसलो की बोळ बदलायचा.

दुकानदाराला गिऱ्हाईक सहज ‘नको’ म्हणतं. देवाच्या नावानं आलेल्याला ‘नाही’ म्हणताना माणसाची जीभ अडखळते. आपल्या हातात ही ताकद आयती येते, आणि बहुतेक वर्गणी तिच्यावरच गोळा होते. तू ती वापरू नकोस. समोरच्याला न लाजता ‘नाही’ म्हणता आलं पाहिजे, ही सोय मागणाऱ्यानं करायची असते. चारचौघांत मागू नकोस. “यंदा जमेल का” विचारलंस तर “नाही जमत” ऐकल्यावर चहा अर्धा टाकून उठू नकोस. पुढच्या विषयाचं बोल, सावकाश नीघ.

दुसऱ्या वर्षी मी उंबऱ्याची पट्टी बंद करायला लावली. कमिटीत भांडण झालं. “मग देणार कोण?” खरंच पैसे कमी पडले. मांडव लहान केला, मोठ्या बिदागीचे दोन महाराज सोडले. (काही महाराजांचं पाकीट आता आख्ख्या पंगतीच्या खर्चाला भारी असतं, यावर मी कधीतरी वेगळं लिहीन.) तूट तीन वर्षं राहिली. तो टाळकरी सप्ताहात रात्री दोनच्या भजनाच्या पहाऱ्याला परत उभा राहू लागला, माझ्याशी मात्र आजही कामापुरतंच बोलतो.

हिशेबाचं सांगतो. नाथ महाराज देवगिरीवर जनार्दन स्वामींकडं असताना एका पैच्या चुकीपायी रात्रभर वह्या चाळत बसले, ही गोष्ट आपण कीर्तनात वैराग्यासाठी ऐकतो. मी ती खजिनदारांसाठी सांगतो. काल्याच्या दुसऱ्या दिवशी आम्ही पारावर फळा लावायचो. तेल, साखर, गॅस, पत्रावळी, साउंड, सगळं. एका वर्षी अंदाज चुकून चाळीस किलो बुंदी वाया गेली, तेही लिहिलं. मोंढ्यातले एक आडते दरवर्षी साखर द्यायचे. मी सत्काराचा नारळ घेऊन गेलो तर म्हणाले, “नारळ ठेव गुरुजी, ती बुंदी का उरली ते सांग.” तासभर बसलो. त्यांच्याशी खरी ओळख त्या दिवशी झाली.

कर सवलतीचं आमिष जपून. देणगीवरची आयकराची वजावट, जिला सगळे ‘८०जी’ म्हणतात, ती रोखीत २००० रुपयांपर्यंतच्याच देणगीला मिळते, आणि नवी करप्रणाली घेतलेल्याला ती मिळतच नाही. ही सवलत धर्मादाय कामासाठी आहे. संस्थेनं उत्पन्नाच्या पाच टक्क्यांहून जास्त पैसा धार्मिक गोष्टींवर खर्चला तर मान्यता अडचणीत येते. त्यामुळं वसतिगृहाची पावती फाडून सप्ताह उरकायचा मोह होईल. तो कायद्यात बसत नाहीच, पण पोरांच्या जेवणाला म्हणून दिलेला पैसा मांडवात गेला हे देणाऱ्याला कळलं, तर त्याला तोंड कसं दाखवशील?

निवडणुकीच्या साली पुढारी आपणहून येतात. बॅनरवर विठोबा अंगठ्याएवढा आणि इच्छुक उमेदवार हातभर. त्यांना एवढंच सांग, बिगरबॅनर पंगत द्या, चारचौघांसारखे वाढायला या. बरेच जण परत फिरकत नाहीत.

तुझ्या यादीत बाईमाणूस जवळजवळ नाही. सप्ताहात घरोघरून भाकरीची टोपली येते, ती कुणी थापली हे कुठल्याच पावतीवर नसतं. माइकवरून नवऱ्याचं नाव पुकारलं जातं. वहीत त्यांचं पान उघड. सवड मिळाली की नांदेडला हुजूर साहिबच्या लंगरमध्येही जेवून ये. तिथं आधी ताट पुढं येतं, तू कोण हे कुणी विचारत नाही. आपण मात्र आधी पावतीपुस्तक काढतो.

लोकांकडं जायचं ते काही काम नसताना जा. विहिरीला पाणी लागलं, पोरगी नर्सिंगला गेली, ऊसतोडीची टोळी हंगाम संपवून गावात परतली, अशा वेळी. पावतीपुस्तक घरी ठेव, खरंच ठेव, पिशवीत सुद्धा नको. युक्ती म्हणून केलंस तर दुसऱ्या भेटीतच ओळखतील, आपल्याकडची माणसं भोळी दिसतात तेवढी नसतात.

यादी परत पाठवतोय. अकरा नावांवर पेन्सिलनं गोल केलाय, त्यांच्याकडं यंदा मागू नकोस. कारण विचारू नकोस, घरातल्या गोष्टी आहेत. आणि तीन नावांवर काट मारलीय. ती माणसं वारली. तू त्यांच्या नंबरवर दिवाळीच्या शुभेच्छा आणि खाली संस्थेचा खातेक्रमांक पाठवलास, त्यातला एक फोन आता त्यांची सून वापरते. आधी त्या तीन घरी जाऊन ये. वाड्या-गल्ल्यांच्या खुणा कागदामागं लिहिल्यात.

तुझा,
गुरुजी