पदवीनंतर लगेच एमबीए की आधी नोकरी?

तुमचं पदवीचं शेवटचं वर्ष आहे, मार्क चांगले आहेत आणि घरचे म्हणताहेत की शिक्षण एकदाच उरकून टाक. म्हणून विचारलंत की लगेच एमबीए करावं की आधी नोकरी, आणि स्पेशलायझेशन मार्केटिंग घ्यावं की फायनान्स. स्पेशलायझेशनचं आत्ता ठरवूच नका. बहुतेक ठिकाणी सुरुवातीचे विषय सगळ्यांना सारखेच असतात आणि त्या काळात भल्याभल्यांचं मत बदलतं. पहिल्या प्रश्नाचं उत्तर मात्र सविस्तर देतो, कारण तो निर्णय मी घाईत घेतला होता.

माझं मत: आधी नोकरी करा. किमान दोन वर्षं, तीन झाली तर उत्तम.

मी पदवी संपल्यावर थेट एमबीएला गेलो. पहिल्याच सत्रात ऑपरेशन्सच्या तासाला एका कारखान्याची केस होती, म्हणजे वर्गात चर्चा करायला लिहून दिलेला प्रसंग. गोदाम भरलेलं, तरी गिऱ्हाइकांना माल वेळेवर मिळत नाही. मी रात्री जागून सगळी गणितं केली होती. साठा कुठे किती कमी करायचा ते उभं राहून नीट मांडलं. सरांनी मान डोलावली आणि मागे बसलेल्या एकाला विचारलं. तो सहा वर्षं डिस्पॅच सांभाळून आला होता. त्याने केसच्या शेवटचा एक तक्ता उघडायला सांगितला. महिन्यातला निम्म्याहून जास्त माल शेवटच्या चार दिवसांत बाहेर पडत होता. तो म्हणाला, "साठ्याला हात लावून काही होणार नाही. विक्रीवाल्यांचं टार्गेट महिन्याचं आहे, म्हणून ते ऑर्डरी शेवटी कोंबतात. टार्गेट आठवड्याचं करा, मग बघा." तो तक्ता माझ्याही समोर होता. मी त्यातल्या आकड्यांची बेरीजसुद्धा केली होती. पण त्यात काय बघायचं हे मला ठाऊक नव्हतं, आणि ते कुठल्या पुस्तकातून मला कळलंही नसतं.

ही पदवी मुळात तशीच घडलेली आहे. व्यवस्थापनाचं पदव्युत्तर शिक्षण 1900 साली अमेरिकेतल्या डार्टमथ कॉलेजच्या टक स्कूलमध्ये सुरू झालं, एमबीए हे नाव 1908 मध्ये हार्वर्डने दिलं, आणि 1920 च्या दशकात तिथेच केस पद्धत रुजली. ती कायद्याच्या शिक्षणातून उचललेली आहे. शिक्षक कमी बोलतो आणि वर्ग एकमेकांना शिकवतो. आता वर्गातल्या बहुतेकांनी अजून कामच केलेलं नसेल तर कोण कोणाला काय शिकवणार? म्हणून कॉलेज निवडताना इमारत आणि रँकिंग यांच्याआधी बॅचचा सरासरी अनुभव बघा. अँबा ही मान्यता देणारी संस्था तर एमबीएसाठी विद्यार्थ्यांच्या कामाच्या अनुभवाची अटच घालते.

थांबणं खरोखरच शक्य नसेल तर एमबीएच्या ऐवजी मास्टर इन मॅनेजमेंट, म्हणजे एमआयएम बघा. युरोपात ही पदवी चांगली रुळलेली आहे आणि ती नुकत्याच पदवीधर झालेल्यांसाठीच आखलेली असते. तिथे वर्गातले सगळे तुमच्यासारखेच असतात आणि शिकवणं त्या हिशेबाने चालतं. पुढे अनुभव घेऊन एमबीए करायची वाटही मोकळी राहते. उलट एकदा एमबीए करून बसलात की दुसऱ्यांदा करणं अवघड, बरीच कॉलेजं अशा अर्जदाराला घेतच नाहीत. लगेच केलेल्या एमबीएची मला वाटणारी सगळ्यात मोठी किंमत हीच आहे.

प्रवेश परीक्षा मात्र आत्ताच देऊन टाका. जीमॅट ही जगभरातल्या बिझनेस स्कूलांत चालणारी परीक्षा आहे आणि तिचा स्कोअर पाच वर्षं चालतो. सध्याच्या स्वरूपात ती सव्वादोन तासांची आहे, तीन विभाग, एकूण 64 प्रश्न आणि गुण 205 ते 805. अभ्यासाची सवय अंगात आहे तोवर ती सोपी जाते. नोकरी लागल्यावर दमून घरी येऊन गणित सोडवायला बसणं काय असतं, ते मी मित्रांचं पाहिलंय.

एक वर्षाचा कोर्स की दोन वर्षांचा, हा प्रश्नही पुढे येईलच. आहे त्याच क्षेत्रात वर जायचं असेल तर एक वर्ष पुरतं. फ्रान्समधल्या इन्सीड या बिझनेस स्कूलचा एमबीए दहा महिन्यांचा आहे. पण क्षेत्रच बदलायचं असेल तर दोन वर्षांचा घ्या, कारण मधल्या उन्हाळ्यातली इंटर्नशिप हीच नव्या क्षेत्रातली तुमची पहिली ओळख असते, आणि नोकरी बऱ्याचदा तिथूनच मिळते.

आता प्लेसमेंट रिपोर्ट. हा कागद सावकाश वाचा. समजा बॅच 180 जणांची आहे. 30 जण कंपनीने पाठवलेले किंवा स्वतःचा धंदा करणारे म्हणून यादीतून वगळले. उरलेल्या 150 पैकी पगार कळवला 90 जणांनी. मुखपृष्ठावर मोठ्या अक्षरात छापलेली सरासरी या 90 जणांची असते, आणि त्यात दोन-तीन गलेलठ्ठ पगार आले की ती वर सरकते. तुम्ही मध्यक विचारा, म्हणजे पगार चढत्या क्रमाने लावल्यावर बरोबर मधे येणारा आकडा. कर्ज काढणार असाल तर हप्त्याचा हिशेब त्यावरच करा. आणि खर्चात फीबरोबर न कमावलेला पगारही धरा, तो बहुतेक जण विसरतात.

घरच्यांची भीती मला समजते. एकदा कमवायला लागला की पुन्हा शिकणार नाही, असं त्यांना वाटतं. त्यांना सांगा की नोकरी करणाऱ्यांसाठी एक्झिक्युटिव्ह एमबीए 1943 पासून आहे, शिकागो विद्यापीठाने तो सुरू केला. पस्तिशीतही हे दार उघडंच असतं.

नोकरी करताना एक वही ठेवा. कामात जे खटकतं, पण का होतं ते कळत नाही, ते तारीख घालून लिहा: हा निर्णय वर का अडला, हा माल परत का आला, चांगला माणूस सोडून का गेला. "एमबीए कशासाठी?" असं मुलाखतीत विचारतातच, आणि मी माजी विद्यार्थी म्हणून मुलाखती घ्यायला बसतो तेव्हा पाठ केलेलं उत्तर पहिल्या वाक्यातच ओळखू येतं. ज्याच्याकडे असे चार खरे प्रश्न असतात, त्याच्याशी बोलताना वेळ कसा जातो कळत नाही.

पदवी कशात करताय ते तुम्ही लिहिलेलं नाही. ते कळवा, म्हणजे पहिली नोकरी कुठल्या प्रकारची बघावी तेही सांगतो.