टोमॅटोचं वाण ठरवण्याआधी तारखा पाहा : परसबागेतल्या प्रश्नांना उत्तरं

मार्च संपत आला की गच्चीवरच्या, अंगणातल्या टोमॅटोची खालची पानं वाळायला लागतात आणि आमच्याकडे पत्रांचा, फोनचा ओघ सुरू होतो. प्रश्न बहुतेक एकाच प्रकारचे असतात. यंदा अमुक वाण लावलं, तमुक लावलं, कोणतं चांगलं ठरलं, पुढच्या वर्षी कोणतं ठेवू? यंदा आलेल्या प्रश्नांपैकी काही निवडून इथे सविस्तर उत्तरं देत आहे, कारण एकाची अडचण ती बहुतेक सगळ्यांचीच आहे.

पहिला प्रश्न पुण्याच्या कोथरूडमधल्या एका ताईंचा. त्यांनी गच्चीत बारा कुंड्यांमध्ये पाच वाणं लावली होती : अर्का रक्षक, अर्का विकास, पुसा रुबी, संगमनेरहून आईने दिलेलं गावरान आणि हौसेने मागवलेलं चेरोकी पर्पल हे अमेरिकेतलं जुनं जांभळट वाण. त्यांचा हिशेब असा, की वजनात अर्का रक्षक पहिला, चवीत गावरान पहिलं, पुसा रुबी आंबट पण सारासाठी छान, अर्का विकास पिवळट आणि फिका, तर चेरोकी पर्पलला अख्ख्या हंगामात तीन फळं. शेवटची दोन वाणं बाद करावीत का, असं त्या विचारतात.

ताई, तुम्ही वहीत तोडणीच्या तारखा लिहिल्या आहेत, याचं मला फार बरं वाटलं. उत्तर त्या तारखांमध्येच आहे. अर्का रक्षकची तुमची बहुतेक तोडणी जानेवारीतली आहे. अर्का विकासची रोपं तुम्ही तीन आठवडे उशिरा लावलीत आणि त्याची फळं मार्चच्या दुसऱ्या पंधरवड्यात पिकली. टोमॅटोला लाल रंग देणारं लायकोपीन साधारण १८ ते २६ अंश तापमानात चांगलं तयार होतं. पारा ३० ते ३२ च्या वर गेला की ते बनणं मंदावतं, पण पिवळी रंगद्रव्यं तयार होतच राहतात. म्हणून मार्च-एप्रिलमध्ये कोणत्याही वाणाचं फळ नारिंगी-पिवळट दिसतं. जानेवारीतल्या रक्षकशेजारी मार्चमधला विकास ठेवून तुम्ही वाणांची तुलना केली नाही, महिन्यांची केली. अर्का विकास हे बंगळूरच्या भारतीय बागायती संशोधन संस्थेने टिप-टॉप या अमेरिकी वाणातून निवडून काढलेलं सरळ, म्हणजे संकरित नसलेलं वाण आहे, आणि पाण्याचा ताण इतरांपेक्षा बऱ्यापैकी सोसतं. सुट्टीत दोन दिवस गावाला जाणाऱ्या माणसाच्या गच्चीला तर ते मी आवर्जून सुचवतो.

चेरोकी पर्पलचंही तसंच आहे. मोठ्या फळांची ही जुनी परदेशी वाणं उशिरा येणारी. रोप लावल्यापासून पहिलं फळ पिकायला सुमारे ८० दिवस. तुमची रोपं नोव्हेंबरच्या शेवटी कुंडीत गेली, म्हणजे फुलांचा मुख्य बहर फेब्रुवारी-मार्चमध्ये आला. दिवसाचं तापमान ३५ च्या आसपास गेलं किंवा रात्री २१-२२ अंशांच्या खाली उतरेनाशा झाल्या, की परागकण नीट काम करत नाहीत आणि फूल देठासकट गळतं. लहान फळांची चेरी टोमॅटोची वाणं उन्हात थोडी जास्त तग धरतात, मोठ्या फळांची सगळ्यांत आधी हार मानतात. हे वाण पुन्हा एकदा लावून पाहाच, पण बी ऑगस्टच्या अखेरीस टाका, म्हणजे सप्टेंबरच्या शेवटी रोपं कुंडीत जातील आणि फुलं नोव्हेंबरच्या थंडीत येतील. त्या दिवसांत पांढरी माशी फार असते आणि पानं आकसणारा पर्णगुच्छ रोग तीच पसरवते, म्हणून रोपं बारीक नायलॉनच्या जाळीखाली वाढवा. या वाणात त्या रोगाला तोंड देण्याची ताकद नाही.

तुमच्या वहीत आणखी एक गोष्ट दिसली. सगळ्या झाडांच्या बगलफुटी, म्हणजे पान आणि खोडाच्या बेचक्यातून निघणारे कोंब, तुम्ही काढल्यात. गावरान आणि चेरोकी पर्पल वेलीसारखं वाढत राहतं, त्याला बगलफूट काढून एक-दोन फांद्यांवर सुतळीने बांधणं मानवतं. पण जी झाडं ठरावीक उंचीवर थांबतात, त्यांची फळं याच बाजूच्या फांद्यांवर येतात. त्या खुडल्या की उत्पन्न आपल्याच हातांनी कमी होतं. वाणाचं पाकीट घेताना झाड बुटकं की वाढत राहणारं, एवढं तरी नक्की विचारत जा.

आता तुमच्या प्रश्नाचं थेट उत्तर. दोनच ठेवायची असतील तर मी गावरान आणि अर्का विकास ठेवीन. दोन्हींचं बी घरचं धरता येतं. अर्का रक्षकची एक-दोन रोपं मात्र दरवर्षी असू द्या. पर्णगुच्छ, जिवाणूजन्य मर आणि लवकर येणारा करपा या तिन्ही रोगांना ते संकरित वाण दाद देत नाही. बाकी कुंड्या वाळल्या तरी घरात टोमॅटो येत राहतील. पुढच्या वर्षी प्रत्येक वाणाचं बी एकाच दिवशी टाका, कुंड्या सारख्या मापाच्या घ्या, निदान १५ लिटर माती बसेल अशा, आणि चव घ्यायची ती एकाच आठवड्यात झाडावर पिकलेल्या फळांची. फोडी कापून घरातल्या माणसांना वाणाचं नाव न सांगता द्या. आईकडचं गावरान म्हटलं की जीभ आधीच झुकलेली असते, आणि ते साहजिकच आहे.

चवीवरूनच दुसरा प्रश्न आहे, नाशिकच्या एका दादांचा. त्यांच्याकडच्या देशी टोमॅटोचा देठाकडचा भाग कच्चं असताना गडद हिरवा दिसतो, बाजारातला टोमॅटो मात्र सगळीकडून सारखा फिकट हिरवा आणि मग सारखा लाल. त्यांना वाटतं, आपल्या वाणात दोष आहे, ते बदलावं.

दादा, कृपा करून बदलू नका. तो गडद हिरवा खांदा दोष नाही. कच्च्या फळातलं हरितद्रव्य तिथे जास्त असतं आणि फळ स्वतःही थोडी साखर तयार करतं. विसाव्या शतकात पैदासकारांनी सारखी पिकणारी फळं निवडत नेली, कारण व्यापाऱ्याला तोडणी कधी करायची ते ओळखणं सोपं जातं आणि पेटीत माल एकसारखा दिसतो. या निवडीमागचं जनुक नेमकं काय करतं, हे शास्त्रज्ञांनी २०१२ मध्ये दाखवून दिलं. सारख्या पिकणाऱ्या वाणांत ते जनुक बिघडलेलं असतं, त्यामुळे कच्च्या फळात हरितद्रव्य कमी आणि पिकल्यावर साखरही कमी. आपण ज्याला गावरान चव म्हणतो, तिचा एक धागा तुमच्या त्या हिरव्या खांद्यात आहे. फक्त एक फरक ओळखा. फळ पूर्ण पिकल्यावरही देठाजवळ पिवळा, कडक भाग राहिला तर ते वाणाचं लक्षण नाही. तिथे ऊन थेट लागतं आहे किंवा पालाश (पोटॅश) कमी पडतं आहे. झाडाची पानं फार छाटू नका आणि दुपारी शेडनेटची सावली द्या.

बाजारच्या टोमॅटोला नावं ठेवण्याचं मात्र कारण नाही. नारायणगाव किंवा पिंपळगाव बसवंतच्या बाजारातून माल दूरच्या शहरांत जायचा तर साल जाड, गर घट्ट आणि टिकाऊपणा हवाच. शेतकऱ्याच्या पोटाचा तो प्रश्न आहे. तुमचा टोमॅटो झाडावरून ताटात दहा पावलं जाणार. ही मोकळीक फक्त परसबागेला आहे, म्हणून तिथे पातळ सालीची, रसाळ वाणं लावावीत असं मी सांगत असतो. आणि तोडलेलं फळ फ्रीजमध्ये ठेवू नका. १२ अंशांच्या खाली टोमॅटोचा वास निर्माण करणारी द्रव्यं कमी होतात. कितीतरी चांगली वाणं फ्रीजमुळे बेचव ठरवली गेली आहेत.

कुडाळहून एक काका लिहितात, की त्यांची गावरान रोपं हिरवीगार असताना दोन दिवसांत माना टाकून मेली, म्हणून वाण कमकुवत आहे. काका, झाड उपटून फेकण्याआधी एक परीक्षा करा. बुंध्याजवळचा बोटभर तुकडा कापून स्वच्छ पाण्याच्या काचेच्या पेल्यात कापलेलं टोक बुडेल असा धरा. काही मिनिटांत त्यातून दुधासारखी पांढरी धार उतरली तर ती जिवाणूजन्य मर. कोकणातल्या दमट, आम्ल मातीत तिचा त्रास फार. धार आली नाही, पण मुळांवर गाठी दिसल्या, तर सूत्रकृमी, म्हणजे मुळांत शिरणारे बारीक जंत. दोन्ही रोग मातीतले आहेत, वाण कितीही गोड असलं तरी तिथे टिकणार नाही. त्या वाफ्यात दोन-तीन वर्षं टोमॅटो, वांगी, मिरची, बटाटा यांतलं काही लावू नका. एप्रिल-मेमध्ये माती भिजवून तिच्यावर पारदर्शक प्लास्टिक सहा आठवडे घट्ट अंथरा. गावरान सोडवत नसेल तर ते नव्या मातीच्या कुंडीत लावा आणि जमिनीत, दुसऱ्या वाफ्यात, अर्का रक्षक किंवा त्याच बंगळूरच्या संस्थेचं अर्का अभेद घ्या. हंगाम संपल्यावर प्रत्येकानेच झाडं उपटताना मुळं पाहावीत. वाणाला नापास करण्याआधी मुळांची साक्ष घ्यावी.

आता अमरावतीच्या एका काकूंचा प्रश्न. त्यांच्या आजीच्या वेळचं भेदरं, म्हणजे तिकडचा गावरान टोमॅटो, त्यांनी अजून जपलंय. लहान, चपटं, खाचाखाचांचं फळ, वरणात टाकलं की घरभर वास. शेजारणीकडे एका संकरित वाणाचं पीक जोरदार आलं. दोन्हींचं बी धरलं तर चालेल का, आणि एकमेकांत मिसळेल का?

काकू, भेदऱ्याचं बी जरूर धरा. संकरित वाणाचं धरून उपयोग नाही. पहिल्या पिढीत जे गुण एकत्र आलेले असतात ते दुसऱ्या पिढीत फुटून वेगळे होतात, दहा रोपांची दहा तऱ्हेची फळं निघतात आणि रोगाला दाद न देण्याची ताकदही सगळ्यांत उतरत नाही. मिसळण्याची भीती मात्र फार बाळगू नका. टोमॅटोचं फूल बहुधा स्वतःच्याच परागाने फळतं. बियाणं प्रमाणीकरणात पायाभूत बियाण्यासाठी ५० मीटर आणि प्रमाणित बियाण्यासाठी २५ मीटर अंतर ठेवतात. अंगणात तेवढी जागा नसते, तेव्हा दोन-तीन घोसांवर फुलं उमलण्याआधी मलमलीची पिशवी बांधा, सकाळी दहाच्या सुमारास हलकेच टिचकी मारत जा, फळ धरलं की पिशवी काढून त्या घोसाला रंगीत दोरा बांधा.

झाड निवडताना एकाच मोठ्या फळाकडे बघू नका, पूर्ण झाड बघा. पानांवर हिरवे-पिवळे चट्टे किंवा पानं दोऱ्यासारखी झालेली असतील तर त्या झाडाचं बी नको, तंबाखूवरचा मोझॅक विषाणू बियांच्या सालीवरून पुढच्या पिढीत जातो. शक्य असेल तर चार-पाच निरोगी झाडांची फळं एकत्र घ्या. फळ झाडावर पूर्ण लाल, थोडं मऊ होऊ द्या. ते आडवं कापून बिया रसासकट काचेच्या बरणीत काढा आणि सावलीत दोन दिवस ठेवा, थंडी असेल तर तीन. वर पांढरट साय येईल, वास सुटेल. घाबरू नका, बियांभोवतीचा बुळबुळीत थर त्यानेच सुटतो. त्याहून जास्त दिवस ठेवलं तर बरणीतच कोंब फुटतात. मग भरपूर पाणी घालून ढवळा. तरंगणाऱ्या पोकळ बिया ओतून द्या, तळाच्या धुऊन स्टीलच्या ताटलीत सावलीत पसरा. कागदावर पसरू नका, चिकटून बसतात. दिवसातून दोनदा बोटांनी मोकळ्या करा. चार-पाच दिवसांत खडखडीत वाळल्या की कागदी पुडीत बांधा, पुडी घट्ट झाकणाच्या बरणीत ठेवा, तळाशी चमचाभर कोरडी राख. नीट वाळलेलं बी चार वर्षं सहज उगवतं. पुडीवर नाव, गाव, साल आणि फळ कोणत्या महिन्यात तोडलं तेही लिहा. आणि थोडं बी शेजारणीला द्या. एकाच घरात असलेलं बी एका वर्षीच्या उंदराने संपतं.

साताऱ्याहून विचारलंय, की झाडं काढताना हातात आलेल्या ढीगभर हिरव्या टोमॅटोचं काय करायचं. एक फळ सुरीने मधोमध कापून पाहा. बियांभोवती गर धरला असेल आणि सुरीखालून बिया निसटत असतील तर त्या आकाराची, तशीच चकाकी आलेली बाकीची फळं वर्तमानपत्रात गुंडाळून एका पिकल्या केळ्याबरोबर टोपलीत ठेवा, आठवडा-दहा दिवसांत पिकतील. चव झाडावरच्यासारखी नसेल, म्हणून वाणाच्या तुलनेत ती धरू नका. बिया सुरीने सरळ कापल्या जात असतील तर ते फळ पिकणार नाही. त्याची दाणे, तीळ आणि हिरवी मिरची घालून चटणी करा.